सरकारी वकील ते फेडरल न्यायाधीश: अमेरिकेतली ही वाट नेमकी कशी जाते

अमेरिकेच्या राज्यघटनेत फेडरल, म्हणजे केंद्राच्या न्यायालयातला, न्यायाधीश होण्यासाठी एकही पात्रता लिहिलेली नाही. वयाची अट नाही, नागरिकत्वाची नाही, कायद्याच्या पदवीचीसुद्धा नाही. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचं आणि सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, मंजूर करायचं, एवढं दुसऱ्या कलमात आहे. वर्तन चांगलं असेपर्यंत न्यायाधीश पदावर राहील आणि त्याचा पगार कमी करता येणार नाही, हे तिसऱ्या कलमात. आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी एमपीएससीची परीक्षा असते, तसं तिथे काही नाही. खालून वर चढत जायची बढतीची शिडीही नाही.

तरीही फेडरल न्यायाधीशांच्या पूर्वायुष्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: सरकारी वकिली. ओळखीपाळखी, वशिला हे त्यामागचं कारण असेलही, पण ते अर्धंच. मोठ्या फर्ममधल्या वकिलाचे बहुतेक दिवाणी दावे तडजोडीत मिटतात, त्यामुळे दहा दहा वर्षं वकिली करूनही ज्युरीसमोर (निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासमोर) पूर्ण खटला चालवायची वेळ त्याच्यावर येत नाही. सरकारी वकिलावर ती सुरुवातीच्या काही वर्षांतच येते. शिवाय तो रोज त्याच न्यायाधीशांसमोर उभा असतो, आणि तो तयारी करून येतो का, खोटं बोलतो का, चूक झाली तर कबूल करतो का, हे ते पाहत असतात. पुढे कोणी त्याच्याबद्दल विचारलं, तर सांगणारे हेच लोक.

आधी नकाशा. अमेरिकेत न्यायालयांच्या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. खून, चोरी, घटस्फोट, भाडेकरूंचे वाद बहुतांशी राज्यांच्या न्यायालयांत चालतात. बँकेवरचा दरोडा, टपालातून किंवा इंटरनेटवरून केलेली फसवणूक, केंद्राचा कर बुडवणं, राज्यांच्या सीमा ओलांडणारा अमली पदार्थांचा धंदा हे फेडरल गुन्हे. देशाचे ९४ फेडरल जिल्हे आहेत आणि जिल्हा न्यायाधीशांची ६७७ पदं. त्यांच्यावर १३ अपील न्यायालयं, आणि सर्वांत वर सर्वोच्च न्यायालयाचे ९ न्यायमूर्ती. ‘जिल्हा न्यायाधीश’ या शब्दाने फसू नये. हा जिल्हा न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांचा आदेशसुद्धा घटनाबाह्य ठरवू शकतो.

सरकारी वकीलही दोन प्रकारचे. राज्याच्या बाजूने ‘डिस्ट्रिक्ट ॲटर्नी’, जो बहुतेक ठिकाणी निवडणुकीने येतो. केंद्राच्या बाजूने ‘यू.एस. ॲटर्नी’, ९४ जिल्ह्यांना ९३, कारण गुआम आणि नॉर्दर्न मारियाना बेटांना मिळून एकच. यू.एस. ॲटर्नीला राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी नेमतात आणि सरकार बदललं की तो बहुधा जातो. त्याच्या हाताखाली असतात ‘असिस्टंट यू.एस. ॲटर्नी’. त्यांना इथे ‘सहायक’ म्हणू या. सत्तेवर कोणीही असो, हे बहुधा जागेवर राहतात, आणि बहुतेक खटले प्रत्यक्षात हेच चालवतात.

सहायक होण्यासाठी आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, मग तीन वर्षांची जे.डी. ही कायद्याची पदवी, मग एखाद्या राज्याची बार परीक्षा आणि सनद. त्यानंतर सहसा किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव मागतात, पण मोठ्या शहरांतली कार्यालयं त्याहून बरंच जास्त बघतात. नागरिकत्व लागतं आणि नेमणुकीआधी एफबीआय सगळा इतिहास तपासते. पुण्यामुंबईत एलएल.बी. करून गेलेल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारतीय पदवीच्या आधारे, काहींना तिथलं एलएल.एम. करून, न्यूयॉर्कची बार परीक्षा देता येते. पण सहायकाच्या जाहिरातीत जे.डी. मागितलेली असते, आणि तिथे एलएल.एम. चालत नाही.

जे.डी.नंतर अनेक जण एक-दोन वर्षं एखाद्या फेडरल न्यायाधीशाकडे ‘लॉ क्लार्क’ म्हणून राहतात. क्लार्क म्हणजे कारकून नव्हे. हा न्यायाधीशाचा संशोधक असतो: दोन्ही बाजूंचे अर्ज वाचायचे, कायदा शोधायचा, निकालपत्राचा कच्चा मसुदा लिहायचा. न्यायासनामागचा विचार आतून पाहायची संधी इतक्या लहान वयात दुसरीकडे कुठेही मिळत नाही. ज्याला पुढे न्यायाधीश व्हायचंय त्याने ही दोन वर्षं पगाराकडे पाहून सोडू नयेत.

आता सहायकाचं काम. गंभीर फेडरल गुन्ह्यात आरोपपत्र ठेवायचं, तर ‘ग्रँड ज्युरी’ची संमती लागते. १६ ते २३ सामान्य नागरिक एका खोलीत बसतात आणि त्यांतल्या १२ जणांनी होकार द्यावा लागतो. त्या खोलीत न्यायाधीश नसतो, बचावाचा वकीलही नसतो. साक्षीदार बोलावतो सरकारी वकील, पुरावा दाखवतो तोच, कायदा समजावतो तोच. आरोपीला अटक झाली असेल तर ३० दिवसांत आरोपपत्र यायला हवं आणि त्यानंतर ७० दिवसांत खटला उभा राहायला हवा. या मुदतीतून वगळता येणारे दिवस इतके असतात की प्रत्यक्षात तारखा बऱ्याच लांबतात.

पण खटले उभे राहतात तरी किती? फेडरल न्यायालयांत दहापैकी नऊहून अधिक दोषी हे गुन्हा कबूल करून दोषी ठरतात. म्हणजे कोणतं कलम लावायचं आणि कोणतं सोडायचं हे सरकारी वकिलाने ठरवलं की शिक्षेचा बराचसा भाग तिथेच ठरून जातो. कोणाला माफीचा साक्षीदार करायचं, हेही त्याच्याच हातात. बातम्यांत न्यायाधीशाचा हातोडा दिसतो, पण खरी ताकद कुठे आहे हे या कार्यालयात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

ही ताकद नीट वापरायला शिकवणारा नियम १९६३ सालच्या ‘ब्रेडी विरुद्ध मेरीलँड’ या निकालातून आला. आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा सरकारकडे असेल, तर तो बचाव पक्षाला दिलाच पाहिजे. १९७२ च्या ‘गिग्लिओ’ निकालाने त्यात भर घातली: साक्षीदाराची विश्वासार्हता कमी करणारी गोष्टही द्यायची, उदाहरणार्थ त्याला दिलेलं सवलतीचं आश्वासन.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहू. खटला सोमवारी उभा राहणार आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहायक एफबीआयच्या जबाबांची फाइल शेवटची चाळतोय. मुलाखतीनंतर एजंट जो अहवाल लिहितो त्याला ‘फॉर्म ३०२’ म्हणतात. मुख्य साक्षीदाराच्या तिसऱ्या ३०२ मध्ये गाडी निळी आहे. पहिल्या ३०२ मध्ये तीच गाडी हिरवी होती. आरोपीची गाडी निळी आहे. साक्षीदार खरं बोलतोय याबद्दल सहायकाच्या मनात शंका नाही. पहिल्यांदा तो घाबरलेला होता, एवढंच. तरीही तो कागद त्याच रात्री बचावाच्या वकिलाकडे जायला हवा, कारण रंगातल्या या फरकाचं वजन ज्युरी ठरवणार आहे. उलटतपासणीत त्याच कागदावरून साक्षीदाराची चामडी सोलली जाईल हे माहीत असूनही तो पाठवायचा.

इथे चुकतं ते बहुधा दुष्टपणाने नाही. आरोपी दोषीच आहे अशी खात्री झाली की विरुद्ध जाणारा कागद ‘किरकोळ’ वाटू लागतो. २००८ मध्ये अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स दोषी ठरले. सरकारी वकिलांनी साक्षीदाराच्या मुलाखतीची टिपणं बचावाला दिली नव्हती हे नंतर उघड झालं आणि २००९ मध्ये न्यायाधीश एमेट सलिव्हन यांनी, खुद्द न्यायखात्याच्याच विनंतीवरून, तो निकाल रद्द केला. २०२० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदाच केला: प्रत्येक फेडरल फौजदारी प्रकरणात पहिल्याच तारखेला न्यायाधीशाने सरकारी वकिलाला या कर्तव्याची तोंडी आणि लेखी आठवण करून द्यायची. न्यायाधीश झालेला जुना सहायक आता ही सूचना आपल्या जुन्या सहकाऱ्यांना वाचून दाखवतो.

आमच्या मते कोण चांगला न्यायाधीश होईल हे ओळखायची खरी जागा ही आहे. किती खटले जिंकले यापेक्षा, हरण्याची शक्यता वाढवणारा कागद त्याने किती सहज पाठवला, हे विचारायला हवं.

पाच-सात वर्षांनी वाटा फुटतात. कोणी त्याच कार्यालयात फसवणूक किंवा अमली पदार्थ विभागाचा प्रमुख होतो. कोणी अपील विभागात जातो, जिथे लेखन धारदार होतं. कोणी खासगी फर्ममध्ये जाऊन दिवाणी दावे शिकतो; न्यायाधीशपदाच्या दृष्टीने ही वर्षं फार उपयोगी, कारण निव्वळ फौजदारी अनुभव तोकडा पडतो. आणखी एक, कमी चर्चेतली वाट म्हणजे ‘मॅजिस्ट्रेट जज’. हे पद राष्ट्राध्यक्ष भरत नाहीत. जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीशच, नागरिक आणि वकिलांच्या निवड समितीच्या शिफारशीवरून, आठ वर्षांसाठी नेमतात. सनद घेऊन किमान पाच वर्षं झालेली असावी लागतात. जामीन, झडतीचे वॉरंट, दिवाणी दाव्यांतली पूर्वतयारी, तडजोडी हे त्यांचं रोजचं काम.

प्रत्यक्ष माणसं घेऊन बघा. सोनिया सोतोमायोर १९७९ ते १९८४ मॅनहॅटनच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नी कार्यालयात होत्या, मग खासगी वकिली, १९९२ मध्ये जिल्हा न्यायाधीश, १९९८ मध्ये अपील न्यायालय, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालय. गुंतवणूकदारांना अब्जावधी डॉलरना फसवणाऱ्या बर्नी मॅडॉफला २००९ मध्ये १५० वर्षांची शिक्षा देणारे डेनी चिन ऐंशीच्या दशकात मॅनहॅटनच्या फेडरल कार्यालयात सहायक होते. भारतीय वंशाचे अमूल थापर आधी सहायक, २००६ मध्ये केंटकीत यू.एस. ॲटर्नी, २००८ मध्ये जिल्हा न्यायाधीश आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयात. शिकागोचे मनीष शाह २००१ मध्ये सहायक झाले आणि २०१४ मध्ये त्याच शहरात न्यायाधीश. न्यू जर्सीचे झाहिद कुरेशी सहायक, मग खासगी फर्म, २०१९ मध्ये मॅजिस्ट्रेट जज आणि २०२१ मध्ये जिल्हा न्यायाधीश. प्रत्येकाचा क्रम वेगळा आहे, आणि म्हणूनच ‘सहायक झालो की पंधरा वर्षांनी न्यायाधीश’ असं गणित कोणी मांडू नये.

कारण पुढचा भाग आपल्या हातात नसतो. आधी जागा रिकामी व्हायला हवी, तीही आपल्या जिल्ह्यात, कारण जिल्हा न्यायाधीशाने साधारणपणे त्याच जिल्ह्यात राहावं असा कायदा आहे. मग त्या राज्याचे दोन सिनेटर. १९१७ पासून एक प्रथा चालत आली आहे: सिनेटच्या न्यायविषयक समितीचा अध्यक्ष उमेदवाराच्या राज्यातल्या सिनेटरांना निळ्या कागदाची चिठ्ठी पाठवतो, ‘ब्लू स्लिप’. ती परत आली नाही तर जिल्हा न्यायालयाचं नाव पुढे सरकत नाही. अपील न्यायालयांसाठी ही अडवणूक २०१८ पासून मानली जात नाही, जिल्ह्यांसाठी ती अजून पाळली जाते. सोतोमायोर यांचं नाव डेमोक्रॅट सिनेटर मॉयनिहन यांनी सुचवलं आणि पाठवलं रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी. अशा देवाणघेवाणीतूनही नेमणुका होतात.

फ्लोरिडा, विस्कॉन्सिन अशा काही राज्यांत सिनेटर वकिलांची समिती नेमतात आणि रीतसर अर्ज मागवतात. इतरत्र कोणीतरी सिनेटरच्या कार्यालयापर्यंत नाव पोचवावं लागतं. सहायकाची इथे अडचण होते. केंद्र सरकारचा कर्मचारी म्हणून त्याला पक्षासाठी निधी गोळा करता येत नाही, त्यामुळे राजकीय ओळखी कमीच. मग बार असोसिएशनचं काम, लॉ स्कूलमध्ये शिकवणं, आणि ज्या न्यायाधीशांसमोर उभं राहिलो त्यांचा शब्द, एवढंच भांडवल.

नाव व्हाइट हाउसपर्यंत गेलं की मुलाखती होतात, एफबीआय शेजाऱ्यांपासून विरुद्ध पक्षाच्या वकिलांपर्यंत सगळ्यांना भेटते, आणि समोर येते सिनेटच्या न्यायविषयक समितीची प्रश्नावली. या प्रश्नावलीने भल्याभल्यांचे महिने खाल्ले आहेत. आजवर केलेली प्रत्येक नोकरी, प्रत्येक छापील लेख, अगदी संपादकाला लिहिलेलं पत्रही. दिलेलं प्रत्येक भाषण, आणि लिखित प्रत नसेल तर विषय आणि आयोजकाचा पत्ता. कामातला किती टक्के भाग फौजदारी, किती दिवाणी. निकालापर्यंत किती खटले चालवले, त्यांत एकटे होतात, मुख्य होतात की सोबत होतात. मग सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: तुमचे दहा सर्वांत महत्त्वाचे खटले, प्रत्येकाचा सारांश, न्यायाधीशाचं नाव, आणि समोरच्या वकिलाचं नाव, पत्ता, फोन नंबर.

समोरच्या वकिलाचा फोन नंबर! वीस वर्षांपूर्वी ज्याच्या अशिलाला तुरुंगात पाठवलं, त्याला आता विचारणार की हा माणूस कसा आहे. त्या वेळी कागद लपवले असतील, कबुलीसाठी धमकावलं असेल, तर ते इथे बाहेर येतं.

नामांकन फसतं ते बरेचदा अशा कारणांनी: घरकाम करणाऱ्या व्यक्तीच्या पगारावर उमेदवाराने न भरलेला कर, प्रश्नावलीत न दाखवलेला कॉलेजातला लेख, अपील न्यायालयाने कधीतरी निकालपत्रात ओढलेले ताशेरे. लेखापेक्षा तो लपवला हे जास्त नडतं. आणि काही वेळा उमेदवाराची काहीच चूक नसते. सिनेटचं अधिवेशन संपलं की मंजूर न झालेली नावं राष्ट्राध्यक्षांकडे परत जातात. मध्ये निवडणूक झाली आणि पक्ष बदलला तर बहुधा तिथेच विषय संपतो.

अमेरिकन बार असोसिएशनची समिती १९५३ पासून उमेदवारांना ‘उत्तम पात्र’, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा देत आली आहे आणि साधारण बारा वर्षांच्या वकिलीची अपेक्षा ठेवते. हा शेरा बंधनकारक कधीच नव्हता, आणि २०२५ मध्ये न्यायखात्याने या समितीशी असलेलं सहकार्य थांबवलं.

सुनावणी वॉशिंग्टनच्या डर्कसन इमारतीत होते. जिल्हा न्यायालयाचे तीन-चार उमेदवार एका रांगेत बसतात, प्रत्येक सिनेटरला पाच-सात मिनिटं मिळतात. बहुतेक सुनावण्या शांतपणे उरकतात. डिसेंबर २०१७ मध्ये मात्र जिल्हा न्यायालयाचे एक उमेदवार मॅथ्यू पीटरसन यांना सिनेटर जॉन केनेडी यांनी एकेक विचारलं: ज्युरीसमोर खटला चालवलाय? दिवाणी? फौजदारी? उत्तर प्रत्येक वेळी ‘नाही’. पुराव्याच्या साध्या संकल्पनाही त्यांना नीट सांगता आल्या नाहीत आणि काही दिवसांत त्यांनी नाव मागे घेतलं. हे सिनेटर राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे होते.

सुनावणीनंतर लेखी प्रश्न, मग समितीचं मतदान, मग पूर्ण सिनेट. २०१३ पासून साध्या बहुमतावर काम होतं. २०१९ पासून जिल्हा न्यायाधीशाच्या नावावरची अंतिम चर्चा ३० तासांवरून २ तासांवर आली आहे. मग राष्ट्राध्यक्षांची सही आणि शपथ. त्या शपथेत गरीब आणि श्रीमंत यांना सारखाच न्याय देईन असे शब्द आहेत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. २०२५ मध्ये जिल्हा न्यायाधीशाचा वार्षिक पगार २,४७,४०० डॉलर होता. न्यूयॉर्कच्या बड्या फर्ममध्ये नुकतंच लॉ स्कूल संपवलेल्या वकिलाला तेव्हा मूळ पगारच २,२५,००० डॉलर मिळत होता. पैसा मिळवायला कोणी न्यायासनावर जात नाही. मोबदला वेगळा आहे: पद तहहयात, महाभियोगाशिवाय काढता येत नाही, आणि आजवर महाभियोगाने पद गेलेले फेडरल न्यायाधीश फक्त आठ आहेत.

पहिलं वर्ष सर्वांत अवघड. ज्या प्रकरणात सरकारी वकील म्हणून हात लावला होता, ते प्रकरण न्यायाधीश म्हणून ऐकता येत नाही. साध्या सहायकाला आपली प्रकरणं सोडावी लागतात, पण यू.एस. ॲटर्नी राहिलेल्या माणसाला त्या काळात कार्यालयात असलेली सगळीच. ही रेषा पुसट करू नये हे २०१६ च्या ‘विल्यम्स विरुद्ध पेनसिल्व्हेनिया’ या निकालाने ठसवलं. रोनाल्ड कॅस्टिल यांनी फिलाडेल्फियाचे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी असताना एका खटल्यात मृत्युदंड मागायला मंजुरी दिली होती. जवळपास तीस वर्षांनी ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना तेच प्रकरण समोर आलं आणि ते बाजूला झाले नाहीत. त्यांचा सहभाग आरोपीच्या घटनात्मक हक्काचा भंग आहे, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं.

मग उरतं काय? बरंचसं दिवाणी काम: पेटंट, नोकरीतला भेदभाव, अपंगत्वाचे भत्ते, कैद्यांचे अर्ज. आयुष्यभर फौजदारी केलेला माणूस इथे विद्यार्थी होतो. फेडरल ज्युडिशियल सेंटर नव्या न्यायाधीशांसाठी वर्ग घेतं, पण ते आठवड्यांचं काम. बाकी रात्री बसून शिकायचं. आणि वर टांगती तलवार आहेच. १९९० च्या कायद्याने सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ निकाल न दिलेल्या अर्जांची यादी वर्षातून दोनदा, न्यायाधीशाच्या नावानिशी जाहीर होते. ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर जवळ आले की न्यायाधीशांच्या कार्यालयांत दिवे उशिरापर्यंत जळतात.

सरकारी वकिलांचं प्रमाण न्यायासनावर फार झालं, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. ज्याने कधी तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत आरोपीसमोर बसून त्याचं म्हणणं ऐकलं नाही, त्याला पोलिसांचा जबाब आपोआप खरा वाटू शकतो. केटांजी ब्राउन जॅक्सन २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा फेडरल पब्लिक डिफेंडर (वकील न परवडणाऱ्या आरोपींचा, सरकारी खर्चाने नेमलेला वकील) म्हणून काम केलेली पहिली व्यक्ती तिथे पोचली. तिथवर यायला दोनशेहून अधिक वर्षं लागली.

हा प्रश्न सर्वांत उघडा पडतो तो शिक्षा सुनावण्याच्या दिवशी. न्यायाधीशासमोर एक तक्ता असतो: उभे ४३ स्तर गुन्ह्याच्या गंभीरतेचे, आडवे ६ रकाने जुन्या गुन्ह्यांचे. स्तर २०, पहिला रकाना: ३३ ते ४१ महिने. वेळेत कबुली दिली की तीन स्तर कमी होतात आणि आकडा २४ ते ३० वर येतो. त्यातला तिसरा स्तर सरकारी वकिलाने मागितला तरच मिळतो. सहायक असताना याच तक्त्यातला आकडा मागून खाली बसता यायचं. आता सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या ‘बुकर’ निकालानंतर तक्ता फक्त मार्गदर्शक आहे, आणि शिक्षा पुरेशी हवी पण गरजेपेक्षा जास्त नको, असं कायदा सांगतो. तो आकडा का, हे न्यायाधीशाने सर्वांसमोर बोलून दाखवायचं असतं.

त्याआधी आरोपीला स्वतः बोलायची संधी द्यावी लागते. वकील बोलला म्हणून भागत नाही. ही पायरी चुकली तर अपिलात शिक्षा परत येऊ शकते. आरोपी उठतो, कागदावरून चार ओळी वाचतो, बहुधा मागच्या बाकावरच्या घरच्यांकडे बघून. न्यायाधीश आकडा सांगतात, कारण सांगतात, आणि मग शेवटचं वाक्य: हे मान्य नसेल तर अपिलाची नोटीस द्यायला तुम्हाला १४ दिवस आहेत.